आठ वर्षं शिबिर घेतोय, पण स्वतःची एकही बाटली नाही

सिंदफणा | १८ सप्टेंबर २०२५, रात्री १०:१२

काल मुक्तिसंग्राम दिनाला आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर झालं. आठवं वर्ष. झेंडावंदन उरकलं की शाळेच्या दोन वर्गांतली बाकडी भिंतीला लावायची, खाटा टाकायच्या, नऊच्या सुमारास रक्तपेढीची गाडी येते. यंदा एकशे त्रेचाळीस बाटल्या झाल्या. (आमच्याकडं पिशवीलाही बाटलीच म्हणतात, चालवून घ्या.) मंडप मी सांगतो, केळी-बिस्किटं मी आणतो, अर्जाच्या टेबलावर दिवसभर मीच बसतो. आठ वर्षांत मिळून हजारच्या आसपास बाटल्या गेल्या असतील. त्यात माझी एकही नाही.

पहिली दोन-तीन वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग पोरं विचारायला लागली. एकदा हिमोग्लोबिन कमी आहे म्हणालो, एकदा कावीळ होऊन गेली म्हणालो. काल आईनं सगळ्यांसमोर टाकलं, "लोकाच्या लेकरांचं रक्त काढतंय आन् स्वतः सुईला भितंय." सगळे हसले. मी पण हसलो.

इथं मला नावानं कुणी ओळखत नाही म्हणून लिहितो. मी समलिंगी आहे. सहा वर्षं एकाच माणसासोबत आहे. तो संभाजीनगरला नोकरीला, मी इकडं, महिन्यातून दोनदा भेट. दोघांच्या तपासण्या झालेल्या आहेत. पण राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेनं २०१७ साली दात्यांच्या निवडीचे जे नियम काढले, त्यात तृतीयपंथी, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि वेश्याव्यवसायातल्या बायका यांना कायमचं बाद केलंय. कायमचं म्हणजे मरेपर्यंत.

एकदा खरं बोलून बघितलं. चारेक वर्षं झाली. दुसऱ्या गावच्या एका रक्तपेढीत गेलो (नाव लिहीत नाही) आणि त्या प्रश्नापुढं 'होय' लिहिलं. टेबलावरच्या बाई तोवर चांगल्या बोलत होत्या, कोणत्या गावचे, पाऊस कसा आहे. अर्ज वाचला, उलटा करून ठेवला आणि हातमोजे बदलले. मला अजून हातही लावलेला नव्हता.

माझं रक्त बी पॉझिटिव्ह आहे, म्हणजे दुर्मिळ वगैरे काही नाही, गल्लीत कुठल्याही घरात सापडंल. माझ्यावाचून कुणी मरत नाही हे मला कळतं. तरी विचारतो, हा नियम बरोबर आहे का? रागानं विचारत नाही. पटवून दिलं तर ऐकंन.

भुरका | रात्री १०:३१

आधी धाडसाला दंडवत. बाकी हा धागा पन्नाशी गाठणार. मी चहा ठेवलाय.

सडेतोड_७२ | रात्री १०:४८

नियम डॉक्टरांनी केलेत, काहीतरी बघूनच केले असतील. सरकारच्याच आकड्यांत साध्या लोकसंख्येत एचआयव्हीचं प्रमाण ०.२ टक्के आणि तुमच्या गटात तीन टक्क्यांच्या वर. पंधरा पटीपेक्षा जास्त. यात भावना कुठून आल्या? रक्त देणं हा हक्क नाही, रक्त सुरक्षित मिळणं हा हक्क आहे. आम्हालाही वजन कमी भरलं की परत पाठवतात, आम्ही कोर्टात जात नाही.

कलम_बहाद्दर | रात्री ११:०५

सडेतोडराव, वजन वाढलं की पुढच्या वेळी घेतात. यांना कधीच घेणार नाहीत. उपमा चुकली.

कोर्टाचं म्हणाल तर प्रकरण तिथं आहेच. मणिपूरच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या सांता खुराई यांनी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात या नियमाला आव्हान दिलं. ती करोनाची वेळ होती, रक्त मिळत नव्हतं आणि द्यायला तयार असलेल्यांना परत पाठवत होते. कोर्टानं नोटीस काढली, पण नियमाला अंतरिम स्थगिती दिली नाही. मार्च २०२३ मध्ये केंद्रानं प्रतिज्ञापत्र दिलं की हे शास्त्रीय पुराव्यावर ठरलंय आणि हा विषय तज्ज्ञांचा आहे. २०२४ मध्ये आणखी एक याचिका आली. यंदा मे महिन्यात मात्र खंडपीठानं केंद्राला सांगितलं की तज्ज्ञांशी बोला आणि रक्ताची सुरक्षितता राखून एका अख्ख्या समाजावरचा कलंक कसा टळेल ते बघा. निकाल बाकी आहे.

एक बारीक मुद्दा. नियमात 'गे' असा शब्द नाही, 'पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष' असा आहे. म्हणजे निदान म्हणायला तरी ते वागणुकीवर बोट ठेवतात. पण त्याच ओळीत 'तृतीयपंथी' आहे. तृतीयपंथी असणं ही वागणूक कुठून झाली? २०१४ च्या नालसा निकालात याच न्यायालयानं ती ओळख म्हणून मान्य केलीय. एखादी तृतीयपंथी व्यक्ती जन्मभर ब्रह्मचारी राहिली तरी बाद. इथं नियम उघडा पडतो असं माझं मत.

लेकीचा_बाप | रात्री ११:५२

मी सहसा लिहीत नाही. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, थॅलेसेमिया मेजर, म्हणजे अंगात पुरेसं रक्त तयारच होत नाही. सातव्या महिन्यात कळलं. तेव्हापासून दर वीस दिवसांला रक्त. वर्षाला अठरा-वीस पिशव्या, म्हणजे अठरा-वीस अनोळखी माणसं दरवर्षी माझ्या पोरीच्या अंगात जातात. त्यांच्यापैकी एकाचंही तोंड मी बघितलेलं नाही.

२०११ मध्ये जुनागढला थॅलेसेमियाच्या तेवीस लेकरांना एचआयव्ही निघाला. २०२२ मध्ये नागपुरात चौघांना निघाला, एक दगावलं. त्या बातमीनंतर महिनाभर मी पिशवी लावताना लेबल वाचत बसायचो. लेबलावर काय कळणार असतं? तरी वाचायचो.

भाऊ, तुमच्याबद्दल मनात काही वाईट नाही. तुम्ही कुणासोबत राहता याच्याशी मला देणंघेणं नाही. पण तीन टक्के आणि ०.२ टक्के यांतलं मला निवडायला सांगितलं तर मी ०.२ च निवडणार. बाप म्हणून दुसरं बोलू शकत नाही.

तुळजाई | १९ सप्टेंबर, सकाळी ६:४०

दोघांचं पण वाचून गलबललं. लेकीचं कसंय आता? आणि सिंदफणादादा, आई बोलली ते मनावर घेऊ नका, तिला ठाऊक नाही म्हणून बोलली. का ठाऊक आहे?

जुनी_सिरिंज | सकाळी ९:१५

मी सरकारी रक्तपेढीत टेक्निशियन होतो, मराठवाड्यातच, नोकरी सगळी इकडंच गेली. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी नोकरीत नवीन होतो. थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढं सरका.

रक्त घेतलं की पाच गोष्टी तपासाव्याच लागतात. एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस आणि मलेरिया. यातून सुटणारी पिशवी कुठली? तर ज्या माणसाला लागण नुकतीच झालीय त्याची. विषाणू अंगात आहे पण चाचणीला दिसत नाही, अशा मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. पेढीत नेहमी करतात त्या चाचणीला एलायझा म्हणतात. जुन्या पद्धतीच्या एलायझाला एचआयव्ही दिसायला तीनेक आठवडे लागतात. नव्या पिढीच्या एलायझाला दोनेक आठवडे. नॅट नावाची चाचणी थेट विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधते, तिला दहा-अकरा दिवस पुरतात. नॅट महाग आहे, आपल्या देशात सक्तीची नाही. मोठ्या शहरांतल्या काही पेढ्यांत असते. तालुक्याच्या गावी तिची अपेक्षा धरू नका.

आता बापाच्या भीतीबद्दल. ती खोटी नाही. तीन टक्क्यांचा आकडाही खोटा नाही. फक्त तो कुठून येतो ते बघा. या गटासाठी ज्या संस्था काम करतात, त्यांच्याकडं नोंद असलेल्या लोकांचे नमुने घेऊन पाहणी होते. सिंदफणासारखा मंडळाचा कार्यकर्ता त्या मोजणीत येतच नाही. तरीपण आकडा उडवून लावू नका, त्या लोकांत लागण जास्त आहे हे खरंच आहे.

पण एक हिशेब मला नोकरीत असतानाही जुळला नाही. सगळ्यात जुनी चाचणी धरली तरी लपायला विषाणूला मिळतात तीनेक आठवडे. कावीळ बीला थोडे जास्त धरा. मग बंदी तीन महिने ठेवा, सहा महिने ठेवा, मला समजंल. जन्मभराची बंदी कोणत्या चाचणीवरून काढली?

सडेतोड_७२ | सकाळी ९:५८

काका, तुमच्या पेढीत नॅट नाही म्हणता आणि नियम सैल करा म्हणता. आधी यंत्रं येऊ द्या, मग बोलू.

जुनी_सिरिंज | सकाळी १०:२०

यंत्रं यावीतच. त्या बापासाठी यावीत, त्यात दुमत नाही. पण यंत्र नसताना जे काम करतं ते काय, सांगतो. माणसानं अर्जावर दिलेलं खरं उत्तर. पहिली तपासणी तीच असते, सुई नंतर.

मी नोकरीला लागलो तेव्हा रक्त विकणारे लोक असायचे. दवाखान्याच्या बाहेरच उभे. पैशाची नड असलेले, कुणी रिक्षा ओढणारे, कुणी दारूच्या नादी लागलेले. पंधरा दिवसांपूर्वी देऊन आलेला माणूस पुन्हा यायचा आणि शपथेवर सांगायचा की वर्ष झालं. सर्वोच्च न्यायालयानं ९६ साली निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं देशभर बंद झालं. ते लोक कोण होते, कोणत्या जातीचे, कुणाबरोबर झोपायचे, याचा प्रश्न नव्हता. त्यांना खोटं बोलावं लागत होतं, धोका तिथं होता. ज्या नियमामुळं माणसाला खोटं बोलावंसं वाटतं तो नियम रक्तपेढीच्या कामाचा नाही, एवढं मी तीस वर्षांत शिकलो.

मँचेस्टरची_लातूरकरीण | दुपारी ३:३३

मी इथं वॉर्डात नर्स आहे, रक्त देते पण नियमित. ब्रिटनमध्ये पण आधी जन्मभराची बंदी होती. २०११ मध्ये वर्षाची केली, २०१७ मध्ये तीन महिन्यांची, आणि १४ जून २०२१ पासून प्रश्नच बदलले. (१४ जून म्हणजे जागतिक रक्तदाता दिन, रक्तगट शोधणाऱ्या लँडस्टायनरचा जन्मदिवस.) आता 'तुम्ही पुरुषांशी संबंध ठेवता का' असं विचारत नाहीत. बाई असो की पुरुष, सगळ्यांना तेच प्रश्न. गेल्या तीन महिन्यांत जोडीदार नवा आहे का, एकाहून जास्त आहेत का, असतील तर कोणत्या प्रकारचा संबंध आला, एचआयव्ही टाळायच्या गोळ्या घेताय का. उत्तरात धोका दिसला तर तीन महिने थांबायचं. मग परत या.

पहिल्यांदा ते प्रश्न मला विचारले तेव्हा कानशिलं तापली होती, खरं सांगते. औशाकडच्या पोरीला असलं कुणी विचारलं नव्हतं कधी. पण मग लक्षात आलं की मला विचारतायत म्हणजे सगळ्यांनाच विचारतायत.

अमेरिकेचंही असंच. ८५ सालापासून जन्मभराची बंदी, २०१५ मध्ये वर्षावर आणली, करोनात रक्त आटलं तेव्हा एप्रिल २०२० मध्ये तीन महिन्यांवर, आणि २०२३ पासून प्रत्येकाची वेगळी पडताळणी. इटलीनं तर २००१ मध्येच करून टाकलं होतं. मात्र या देशांत प्रत्येक पिशवीला नॅट लागतं, हे पण सांगायला पाहिजे. सडेतोडभाऊंचा मुद्दा तेवढा खरा आहे.

भुरका | दुपारी ४:०२

लातूरकरीणताई, हे प्रश्न आपल्या शिबिरात विचारायचे ठरवले तर पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शिबिराला फक्त पुढारीच उरंल. तोही खरं बोलला तर उरायचा नाही.

सडेतोड_७२ | दुपारी ४:१०

हेच म्हणतोय. तिकडची माणसं उत्तर देतात. आपल्याकडं कुणी खरं सांगणार आहे का?

सिंदफणा | रात्री ९:४७

दिवसभर कामात होतो, आत्ता सगळं वाचलं. सडेतोडभाऊ, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं आहे. लिहू का नको असं झालं होतं. लिहितो.

शिबिरात अर्ज कसा भरला जातो ते सांगतो. पोरगं येतं, गडबडीत असतं, बाहेर मित्रानं गाडी चालू ठेवलेली असते. नाव, वय, वजन, मोबाईल मी विचारतो. खाली प्रश्नांची लांबलचक यादी असते, बारीक अक्षरात. ताप होता का, दात काढला का, गोंदवून घेतलंय का, एकाहून जास्त जणांशी संबंध आहेत का. पोरगं म्हणतं, "दादा, खालचं सगळं नाही करून टाका." आणि मी करतो. आठ वर्षं करतोय. हजार अर्जांवर उभ्या रेघेत 'नाही, नाही, नाही' माझ्या हातचं आहे. मला सही तेवढी लागते.

यात कोण कोण आलं असंल? सोलापूर रोडच्या लॉजवर कोण जातं हे गावाला माहीत असतं, मलाही माहीत आहे. बायको-लेकरं असलेले आणि रात्री माझ्यासारख्यांना मेसेज टाकणारेही मला माहीत आहेत, त्यांतल्या दोघांना मी टेबलावर समोर बघितलंय. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी खाली अर्जाकडं बघितलं आणि 'नाही' लिहिलं. नियमाप्रमाणं एकाहून जास्त जोडीदार असणारा कुणीही बाद आहे, पुरुष असो बाई असो. पण तो प्रश्न विचारायचं काम माझ्याकडं होतं आणि मी तो कुणालाच विचारला नाही. लाज वाटते म्हणून नव्हे, आकडा कमी होईल म्हणून. शेजारच्या मंडळाच्या दीडशे झाल्या होत्या.

तर नियमानं थांबवलं कुणाला? मला एकट्याला. तेही मीच मला थांबवलं, अर्ज वाचला म्हणून.

लेकीच्या बापाला काय तोंडानं सांगू? तुमच्या मुलीची एखादी पिशवी माझ्या टेबलावरून गेलेली असू शकते. तुम्ही ०.२ टक्के निवडता म्हणालात. त्या ०.२ मध्ये कोण आहे हे मी कधी विचारलंच नाही.

तुळजाई | रात्री १०:०५

.... 

सडेतोड_७२ | रात्री १०:१९

हे मात्र वाईट झालं. नियमाबद्दल माझं मत तेच आहे, पण हे त्याहून वाईट.

कलम_बहाद्दर | रात्री १०:४०

अर्जावर विचारपूस करायची जबाबदारी कायद्यानं रक्तपेढीच्या डॉक्टरची आहे, मंडळाच्या कार्यकर्त्याची नाही. दात्याला बाजूला घेऊन, एकट्यात विचारायचं असतं. तुम्ही टेबलावर बसायलाच नको होतं आणि त्यांनी बसू द्यायला नको होतं. हे तुम्हाला सोडवायला म्हणत नाही.

जुनी_सिरिंज | २० सप्टेंबर, सकाळी ८:३०

कलमराव म्हणतात ते नियमानं बरोबर. प्रत्यक्षात एक डॉक्टर, दोन टेक्निशियन, दीडशे माणसं आणि दुपारी दोनपर्यंत गाडी परत न्यायची असते. मीही अशा शिबिरांत काम केलंय आणि मीही ती उभी रेघ बघून पुढं सरकवलीय. एकट्या सिंदफणावर टाकू नका.

पुढच्या वेळी तीन गोष्टी करा. अर्जाचं टेबल मंडपातून उठवून वर्गाच्या आत न्या, दारात पडदा लावा. अर्ज दात्यालाच भरू द्या, वाचता येत नसेल त्याला रक्तपेढीचा माणूस वाचून दाखवील. आणि डॉक्टरला आधीच सांगून ठेवा की रक्त देऊन गेल्यावर ज्याला वाटंल की आपलं वापरू नये, त्यानं फोन केला तर पिशवी बाजूला काढता येईल. तो नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या हातात द्या. कारण विचारायचं नाही. मित्रांच्या लाजंखातर खाटेवर झोपलेला माणूस घरी जाऊन फोन करतो, माझ्या नोकरीत असे फोन आलेत.

आणि तपासणीसाठी म्हणून कुणी रक्तदानाला येत असंल तर त्याला सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही सल्ला आणि तपासणी केंद्रात धाडा. फुकट होते, अहवाल गुप्त राहतो, २०१७ चा एचआयव्ही कायदाच आहे तसा.

मँचेस्टरची_लातूरकरीण | दुपारी १२:५०

काकांचा फोनवाला मुद्दा लाखातला. इकडं पण असंच आहे.

सिंदफणा, त्या हातमोज्यांचं राहून राहून डोक्यात येतंय. मी दिवसातून शंभर वेळा बदलते, पण तसे नाही.

लेकीचा_बाप | रात्री ११:२८

दोन दिवस धागा उघडत होतो आणि बंद करत होतो. इकडं पावसानं लाईट पण जाऊन येऊन आहे.

सिंदफणाभाऊ, तुमचा कालचा प्रतिसाद वाचून पहिल्यांदा फार राग आला. तुमच्यावरच आला. बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, तो बोलला तरी. बाकीच्या मंडळांतलं कुणी बोललं का?

नियमाबद्दल माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही. नॅट सगळीकडं आलं आणि तीन महिन्यांचे प्रश्न सगळ्यांनाच विचारले, तर तुमच्यासारख्याचं रक्त घ्यायला माझी हरकत राहणार नाही. आज हरकत आहे, हेही खरंच सांगतो. तुम्ही खरं बोललात म्हणून मीही बोलतो.

दुसरं काम आहे. मुलीची पुढची तारीख २९ ची. दरवेळी पेढीवाले म्हणतात गट शिल्लक नाही, बदली दाता आणा. थॅलेसेमियाच्या लेकरांना बदली दाता मागायचा नसतो, रक्त फुकट द्यायचं असतं, सगळं माहीत आहे, भांडून झालंय. पण तारखेच्या दिवशी भांडायला अंगात बळ नसतं. उन्हाळ्यात तर कॉलेजं बंद, शिबिरं बंद, लग्नसराई. मे महिन्यात तिचं हिमोग्लोबिन सहावर गेलं होतं. तुमच्या मंडळात माणसं आहेत म्हणून विचारतो.

सिंदफणा | रात्री ११:३६

गट कोणता?

लेकीचा_बाप | रात्री ११:३७

ओ पॉझिटिव्ह.

सिंदफणा | रात्री ११:५९

वहीत बघितलं. चौदा जण आहेत, त्यांतले सहा जण परवाच्या शिबिरात देऊन बसलेत. आठ मोकळे. उद्या एकेकाला घरी बोलावून, दार लावून, सगळे प्रश्न विचारतो. वरपासून खालपर्यंत. उरतील त्यांचे नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

जुनी_सिरिंज | २१ सप्टेंबर, सकाळी ७:१०

सगळ्यांना एकदम नेऊ नका. एकदा दिलं की पुरुषाला नव्वद दिवस देता येत नाही. वीस दिवसांला एक म्हणजे पाच जणांत चक्र पूर्ण होतं, सहावा आजारी-पाजारी पडला तर हाताशी ठेवा. तारखेच्या दोन-तीन दिवस आधी जाऊन द्यायचं, तपासणीला वेळ लागतो. आणि परवाच्या त्या सहांना डिसेंबरच्या खान्यात लिहा.

तुळजाई | सकाळी ७:२५

माझा थोरला ओ पॉझिटिव्हच आहे, अंबाजोगाईला शिकायला असतो. प्रश्न काय विचारायचे ते इथंच टाका, मी विचारते त्याला. का मी नको विचारू?

भुरका | सकाळी ७:४१

ताई, तुम्ही नको. सिंदफणालाच विचारू द्या.